जरा गप बसा

लातूरच्या ट्यूशन गल्लीतल्या हॉटेलात टीव्हीवर कुस्ती लागली की शेषेराव पैलवानाची रेवडी उडणारच. एकेकाळचा चॅम्पियन, आता टीव्हीवर समालोचन करायचा. सोबतचा समालोचक जास्त बडबडला की त्याला अडवायचा, "जरा गप बसा, ऐकू द्या."

"लई माज हाय गड्याला," क्लासवाले आनंदराज सर म्हणाले. "जिलानीभाई, करा की नक्कल!"

जिलानी टेलर पैलवानाची नक्कल झकास करायचा. पण आज सप्टेंबरची तीस तारीख होती, अन् त्याचं तोंड उघडेना.

त्र्याण्णव साली याच तारखेला झालेल्या भूकंपानंतर किल्लारीत ढिगारे उपसायला तो याच पैलवानाबरोबर गेला होता. एका ढिगाऱ्याला कान लावून पैलवान म्हणाला होता, "जरा गप बसा, ऐकू द्या." खाली काहीतरी खरवडत होतं. जिलानीनंही ऐकलं. पण बोटं सोलली होती, दोन दिवस पोटात अन्न नव्हतं.

"उंदीर असंल वस्ताद, चला," तो म्हणाला, अन् दोघं तिथून निघाले. उंदीर नव्हता, हे त्याला तेव्हाही कळलं होतं.

"करा की, जिलानीभाई!"

त्याला आज सगळं सांगून टाकायचं होतं.

"जरा गप बसा," तो कळवळून म्हणाला.

सगळं हॉटेल खदखदून हसलं. "हुबेहूब!"