काळी चार

समीक्षक महाशय रेडिओवर हसत हसत म्हणाले, "बाईंना बहुतेक बस गाठायची होती," तेव्हा ताईच्या हातातली बशी हलली नाही. तिने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि मला सांगितलं, आज संध्याकाळपासून मुलींना गाणं शिकायला यायला नको म्हणावं.

कार्यक्रम दर रविवारी सकाळचा. एकच चीज तिघांनी गायलेली, तिन्ही तबकड्या वाजवायच्या, तुलना करायची आणि घरी कोणती ठेवावी ते शेवटी सांगायचं. त्या दिवशी तिसरी तबकडी माझ्या ताईची होती. चाळीस वर्षांपूर्वी निघालेली, तिची एकुलती एक. पहिल्या दोघी नावाजलेल्या, त्यांच्याबद्दल महाशय अदबीने बोलले. ताईच्या आलापाला 'धावपळ' म्हणाले, आवाजाला 'चिरका', आणि वर ती बस.

"खरं असेल गं," ताई म्हणाली. "आणि हेच मी वीस वर्षं मुलींना शिकवत आले."

मला तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण माझा नेम आहे. सकाळी तंबोरा लावून देवापुढे एक भजन म्हटल्याशिवाय पाणीही घ्यायचं नाही, आणि त्याच तोंडाने दिवसभर कुणाला वेडंवाकडं बोलायचं नाही. तंबोरा ताईचा, पट्टीही तिचीच, पेटीची चौथी काळी. ती नुसती गुणगुणली तरी भिंतीला टेकवलेल्या तंबोऱ्याच्या तारा आपोआप झिणझिणतात. त्या सकाळी मात्र ती रेडिओवर भरल्या गळ्याने गात होती आणि तारा मुक्या होत्या. गाणं चालू असतानाच मी उठून एक तार छेडून पाहिली. रेडिओतली ताई अर्धा सूर वर होती. ताईचे कान आता थकलेत, तिला ते कळलं नाही. तिला फक्त शब्द कळले.

सोमवारी भजन उरकून मी तंबोरा गवसणीत घातला आणि रेडिओ केंद्र गाठलं. मला खरोखरच बस गाठावी लागली. दारावरच्या रखवालदाराने विचारलं, आवाजाची चाचणी द्यायला आलात का? मी म्हटलं, चाचणी आहे, पण माझी नाही.

ध्वनितंत्रज्ञ सरळ माणूस निघाला. काही लपवलं नाही त्याने. कार्यक्रम अर्ध्या तासाचा, तबकडी लांब. नावाजलेल्यांच्या गाण्याला हात लावता येत नाही, म्हणून तिसरीचा वेग जरासा वाढवला; वेग वाढला की सूरही चढतो. नेहमीच करतो, म्हणाला, कुणाला कळतंय? म्हणजे पळवायचं यांनी आणि वर तिलाच विचारायचं, का गं पळतेस. चोर सोडून संन्याशाला फाशी.

महाशय आतल्या खोलीत पुढच्या रविवारचे कागद लिहीत बसले होते. मी तंत्रज्ञाला तेच गाणं तसंच, वाढवलेल्या वेगात लावायला सांगितलं आणि टेबलाशेजारी जमिनीवर बसून तंबोरा छेडला. ताईचा सूर आणि तारांचा सूर एकमेकांवर घासले. घास चावताना दाताखाली खडा यावा तसा महाशयांचा चेहरा झाला. कान होते हो त्यांना. तेच तर वाईट.

मी पट्टीचं सगळं सांगितलं. त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"खटकलं होतं मला तेव्हाच," ते म्हणाले.

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"वाक्य जमलं होतं हो बाई. श्रोत्यांना थोडी गंमत लागते."

तो तंबोरा उचलून त्यांच्या कागदांवर आपटावा असं वाटलं. देवापुढचा आहे म्हणून वाचला. मी इतक्या हळू बोलले की त्यांना पुढे वाकावं लागलं.

"येत्या रविवारी ती तबकडी खऱ्या वेगात वाजवा. सबंध. नाहीतर उद्यापासून माझा सकाळचा नेम मी तुमच्या या दारात करीन. रोज. चौतीस वर्षांत तो एकदाही चुकलेला नाही."

ते तंत्रज्ञाकडे बघायला लागले. तंत्रज्ञ तबकडी पुसत होता.

रविवारी वाजली, सबंध. आधी महाशय म्हणाले की मागच्या खेपेस तांत्रिक दोषामुळे एका गायिकेवर अन्याय झाला. दोष तांत्रिक! बिचाऱ्या तंत्रज्ञाच्या माथी खापर फोडून मोकळे. खटकलं होतं त्याबद्दल चकार शब्द नाही.

ताई तंबोऱ्याला लागून बसली होती. भोपळ्यावर तळवा टेकवून. गाणं सुरू झालं आणि तारा झिणझिणल्या. ते तिला ऐकू आलं की हातालाच कळलं, कोण जाणे. गाणं संपेपर्यंत तिने हात उचलला नाही.

"घाई नव्हती गं मला," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मुलींना सांग, पाचला या."

मी पदराने डोळे पुसले. तेवढ्यात ती म्हणाली, "केवढा मोठा माणूस. जाहीरपणे चूक कबूल करायची म्हणजे काय. त्यांना माझ्या वतीने आभाराचं पत्र लिही, तुझं अक्षर चांगलं आहे."

मी दात आवळले. त्यांना तेव्हाच खटकलं होतं हे तिला सांगितलं असतं, तर ती मेली बस पुन्हा घरात येऊन उभी राहिली असती. खोटं लिहिणं माझ्या नेमात बसत नाही, आणि खरं लिहावं तर ताई वाचल्याशिवाय पाकीट बंद करू देणार नाही. तीनदा पेन टेकवलं, तीनदा उचललं. शेवटी लिहिलं,

'गायिकेची पट्टी काळी चार. आपल्याला ते कळलं होतं, हे मी विसरणार नाही.'

ताईने चष्मा लावून वाचलं. "एवढंच?"

"त्यांना पुरेल," मी म्हटलं, आणि पाकिटाची कड अशी दाबली की कागदावर नखाचा वळ उठला.