दातांत अडकलेले केस

मी एक जुना शिंगाचा कंगवा आहे. एका टोकाचे माझे दोन दात तुटलेले आहेत. मित्रांनो, ते तुटल्याचा मला अभिमानच वाटतो. दुःख आहे ते वेगळ्या गोष्टीचे.

एका कारागिराने शिंग तापवून मऊ केले, दाबून सपाट केले आणि बारीक करवतीने माझा एकेक दात कापला. शिंग आणि केस एकाच द्रव्याचे बनतात, केराटिनचे. म्हणजे केस हे माझे भाऊबंदच.

मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवसासाठी एका आईने मला विकत घेतले. मुलाचे केस इतके दाट आणि कुरळे होते, की पहिल्याच आठवड्यात माझे दोन दात गेले. "डोकं आहे की काटेरी कुंपण!" म्हणत ती किती हसली होती! मुलाच्या वडिलांना मात्र माझा काही उपयोग नव्हता. त्यांना पूर्ण टक्कल होते. पुढे ते लवकरच वारले.

मुलगा मोठा झाला आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. पाणी गाळायचे, गाळणकागदावर काय उरले ते मोजायचे आणि त्यावरून पाण्याची पारख करायची, हे त्याचे काम. चाळिशीत त्याचे कपाळ मागे सरकू लागले, टाळूवरचे केस विरळ झाले. त्याच सुमारास काचबिंदूने आईची दृष्टी गेली. तिची स्मृतीही विरत चालली होती. नुसत्या आवाजाने ती गोंधळायची. मग ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि केसांत बोटे अडकली, की म्हणायची, "हं, हा माझाच."

हे केस गेले तर आई आपल्याला कशी ओळखणार? ही भीती त्याने कुणाला सांगितली नाही. मला ती रोज त्याच्या जपून फिरणाऱ्या बोटांतून कळायची.

तो त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी डोक्याला लावायचे औषध दिले आणि बजावले, "दिवसातून दोनदा लावा आणि सहा महिने थांबा."

पण थांबणे त्याच्या हाताला ठाऊक नव्हते. रोज सकाळी तो पांढऱ्या कागदावर मला झटकायचा, माझ्या दातांत अडकलेले केस चिमट्याने मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. बायको म्हणायची, "अहो, डोक्यावरचे गेले तर गेले, डोक्यातलं तरी शिल्लक ठेवा!"

आधी रोज साठ केस निघत. पाचव्या आठवड्यात एकशे तीस निघाले. त्याने बाटली कचऱ्यात टाकली. मग त्याने डॉक्टरीणबाईंकडून गोळी मागून घेतली. तीन महिने आकडा साठावरच राहिला, तेव्हा तीही बंद केली. पुढचे वर्षभर त्याने काहीच घेतले नाही.

आईची बोटे आता केसांत क्वचितच अडकत. एकदा तिने हात मागे घेतला आणि विचारले, "कोण तुम्ही?" दुसऱ्याच दिवशी तो वही आणि मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला.

त्यांनी वही चाळली. "पाचव्या आठवड्यात जास्त गळले ना? बहुतेकदा ते औषध लागू पडत असल्याचं लक्षण असतं. जुने केस सुटतात, मागून नवे येतात."

"आणि गोळी?"

"गोळी गळती रोखते. असलेलं टिकवते, पण हळूहळू. काहींना तिचा त्रास होतो, तसं वाटलं तर लगेच सांगायचं. दोन्ही एकत्र घेतलं तर एकट्यादुकट्यापेक्षा बरं. पण बंद केलं की कमावलेलं जातं."

"आपल्याच रक्ताची इंजेक्शनं डोक्यात देतात म्हणे, ती?"

"काहींना गुण येतो. पण लोशन आणि गोळीइतकी खात्री मी देणार नाही. केसांचं रोपण केलं तरी बाकीचे राखायला औषध लागतंच. आणि हे बघा, कंगव्यातले केस मोजू नका. डोक्याचे फोटो काढा."

मित्रांनो, तेव्हा मला कळले, की इतके दिवस मी खोटी साक्ष देत होतो. माझ्याकडे फक्त गेलेल्यांचा हिशेब होता. जे डोक्यावर तग धरून होते, त्यांना मी मोजूच शकत नव्हतो.

त्याने दोन्ही औषधे सुरू केली. आठव्या महिन्यातल्या फोटोत टाळूवर बारीक लव दिसली. तो फोटो हातात धरूनच तो आईच्या खाटेशी बसला. आईने हात फिरवला. तिच्या म्हाताऱ्या बोटांना लव कळली नाही. पण तिचा चेहरा उजळला.

"अहो, आलात?"

त्याने फोटो खाटेवर उपडा ठेवला. मग म्हणाला, "हो, आलो."

"हळू बोला. पोरगं आत्ताच झोपलंय. केस विंचरताना कंगव्याचे दोन दात मोडले मेल्याने!"

त्याने मला तिच्या हातात दिले. माझ्या तुटक्या टोकावरून तिने अंगठा फिरवला आणि हसली. तो हसला नाही.

आई गेली, त्याला चार वर्षे झाली. त्याचे केस आता आहेत तेवढेच टिकून आहेत. तो मला वापरत नाही. तिच्या चष्म्याशेजारी मी खणात पडून असतो. मित्रांनो, औषधाला त्याचा वेळ द्या आणि रोज सकाळी माझ्यासारख्याची साक्ष काढू नका. ते आठ महिने त्याने पहिल्याच खेपेला दिले असते, तर कदाचित तिची बोटे आणखी काही दिवस अडकली असती.