टिंबासकट पत्ता

“सर, मेलेल्या पानाचं भूत होतं का?”

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून तिनं विचारलं. वर्ग खिदळला. पण ती हसत नाही, हे संगणकाच्या सरांनी पाहिलं.

“इंटरनेटवरचं पान बहुतेकदा मरत नाही गं, घर बदलतं. जुना पत्ता धरून बसलीस तर कुलूपच दिसणार. त्यातले असे शब्द आठव, जे एरवी एकमेकांशेजारी बसत नाहीत. ते टाकून शोध.”

शाळा सुटताच ती घरापर्यंत पळत गेली.

बाबा गेल्या चार दिवसांसारखेच फोनमध्ये डोळे घालून बसले होते. बावीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. पत्ता बरोबर असेल तर पत्र पोचणारच, ही त्यांची श्रद्धा. आईला हव्या असलेल्या पानाचा पत्ताही त्यांनी डायरीत टिंबासकट उतरवून ठेवला होता. टाकून टाकून बोटं दुखली, उत्तर एकच: पान सापडले नाही.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. गळ्यातली गाठ काढायची की नाही, ते उद्या सकाळी डॉक्टरांना सांगायचं होतं. काढली तर आवाज जाणार. असंच ऑपरेशन झालेल्या एका बाईनं लिहिलेलं ते पान आईनं एकदाच वाचलं होतं. पुन्हा वाचल्याशिवाय ती सही करायला तयार नव्हती.

“अगं, जीव मोठा की पान?” बाबा रडकुंडीला आले.

“आई, पत्ता गेला खड्ड्यात. लिहिलं काय होतं?”

“आठवत नाही.”

“एक तरी शब्द! माझी शपथ आहे तुला.”

आईनं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“वाटी,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “चमचा... हाक.”

“बाई भांडी घासत होती की काय?” बाबा पुटपुटले.

तिनं त्यात आपले दोन घालून पाच शब्द टाकले: गळा, ऑपरेशन, वाटी, चमचा, हाक. पान भलत्याच ठिकाणी निघालं, पण तेच. ती मोठ्यानं वाचू लागली.

‘लेकीला हाक मारता येत नाही, म्हणून वाटीवर तीनदा चमचा वाजवते. पहिला महिनाभर ती आलीच नाही. आता शेजारच्या घरातूनही धावत येते.’

पुढचं तिला वाचवेना. बाबांनी डायरीतला पत्ता खोडला आणि खाली ते शब्द लिहिले. अक्षर वाकडं आलं. सहीसाठी पेन मात्र आईनं अजून मागितलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. वाटी-चमचा आणून आईच्या उशाशी ठेवला.

“आजपासून मला कुणी नावानं हाक मारायची नाही,” तिनं जाहीर केलं. “बाबा, तुम्हीसुद्धा. महिनाभर वाट बघायला लावणार नाहीये मी.”