कबुतरांची जाळी

वाल्मीकने लॅपटॉप तीनदा सरकवला. आधी मागे वाळत घातलेले टॉवेल दिसत होते, मग गॅसचं सिलिंडर. शेवटी पुस्तकांचं कपाट आणि वरची बाबासाहेबांची तसबीर एवढंच दिसेल असा कोन सापडला, तेव्हा कुठे तो खुर्चीत टेकला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा.

"मुलाखत आहे का तुमची?" प्रेमला म्हणाली.

"मग काय म्हणू त्या बाईला? या, आमचा पसारा बघा?"

प्रेमलाचं लक्ष लेकीच्या, दीपमालाच्या, दाराकडे होतं.

नोव्हेंबरात गाझियाबादची हवा अशी बिघडली की शाळा बंद झाल्या आणि वर्ग घरातूनच भरू लागले. तिथल्या वैशाली भागातल्या या नवव्या मजल्यावरून समोरची इमारतही दिसेना. अकरावीतली दीपमाला आपल्या खोलीत, कॅमेरा बंद करून, पडद्यावर एक काळा चौकोन होऊन बसायची. पुढे धूर विरला, शाळा उघडल्या, सोसायटीतली पोरं दप्तरं घेऊन बसने जाऊ लागली. दीपमाला मात्र चौकोनातून बाहेर आलीच नाही. आधी पोट दुखतं म्हणाली, मग डोकं. मग काही म्हणेनाशी झाली. ताट दाराशी ठेवावं, अर्धं संपलेलं उचलावं. आईच्या वाट्याला लेक एवढीच उरली होती.

प्रेमलाची आई वर्ध्याकडची, जात्यावर बसली की ओवी आपोआप ओठांवर यायची तिच्या. इथे ना जातं ना दळण. तरी पोळ्या लाटताना प्रेमलाच्या मनात मात्र ओळी फिरत राहायच्या:

दाराआड माझी लेक, लेकीआड तिचं मन
आत जायाला गं मला वाट दावील गं कोण

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने या ऑनलाइन समुपदेशनाचं सुचवलं. शिवांगी मॅडम, राहणार डेहराडून, बोलणार हिंदीत. दीपमाला फोनवर मेसेज करून कशीबशी कबूल झाली, तेही अटीवर: आपल्या खोलीतून, आपल्या फोनवरून, कॅमेरा बंद. दोन रविवार ती नुसती ऐकत बसली होती. आजचा तिसरा.

पडद्यावर शिवांगी मॅडम आल्या. शेजारी आईबाबा, आणि कोपऱ्यात काळा चौकोन, त्यावर 'डी' हे अक्षर.

"नमस्ते जी, कैसे हैं आप लोग?"

"बिल्कुल ठीक," वाल्मीक म्हणाला. लेक महिनाभर बोलली नव्हती आणि हा बिल्कुल ठीक होता. पण प्रेमलाला त्याचा राग येईना. दिल्लीतल्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होईपर्यंत आणि नंतरही या माणसाने कधी मळका शर्ट घातला नव्हता. बाहेरच्यांना बोट दाखवायला जागा द्यायची नाही, यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. "एकदा म्हणायला मिळालं ना त्यांना," तो म्हणायचा, "की मग तेच म्हणत राहतात."

मॅडम झोपेबद्दल, जेवणाबद्दल विचारत गेल्या. वाल्मीक उत्तरं देत गेला, सगळी स्वच्छ, सगळी इस्त्रीची. मग त्यांनी थांबून, जरा हळू आवाजात विचारलं, "कभी ऐसा लगा कि दीपमाला की जान को ख़तरा है? कोई बात, जिससे आप डर गए हों?"

प्रेमलाची नजर बाल्कनीकडे गेली.

तिला दिवाळीनंतरची ती सकाळ आठवली. दूध आणायला ती खाली गेली होती. पिशवी घेऊन परत आली तर बाल्कनीचं दार उघडं, आणि दीपा कठड्याला लागून स्टुलावर उभी. अनवाणी. धुरात तिची नुसती पाठ दिसत होती. "दीपा!" म्हटल्यावर ती वळली, शांतपणे उतरली, आत गेली. वाल्मीक म्हणाला, कपडे काढत असेल. दोरीवर एकही कपडा नव्हता. दोन दिवसांत बाल्कनीला जाळी लागली. स्टूल शेजाऱ्यांकडे गेलं. दीपाच्या दाराची आतली कडी, 'गंजली होती' म्हणून, काढून टाकली. कबुतरं फार झाली, असं दोघांनी सोसायटीत सांगितलं. इथे घरोघरी कबुतरांसाठी जाळ्या लावतात, म्हणून कोणी काही विचारलं नाही. दोघांनी एकमेकांनाही विचारलं नाही.

वाल्मीक पडद्याकडे बघून हसला. आणि हसता हसता, चहा ठेव म्हणावं तितक्या सहज, मराठीत म्हणाला, "बाल्कनीचं काढू नकोस."

ही त्या दोघांची जुनी रीत. करोल बागेत साडीचा भाव चालला की दुकानदारासमोरच वाल्मीक मराठीत सांगायचा, "आवडली असं दाखवू नको, उठ." घरमालकासमोर, शाळेत प्रवेशाच्या वेळी, दवाखान्यात, सगळीकडे. लोकांना हिंदी द्यायची, खरं ते मराठीत ठेवायचं. लहानगी दीपा बाबांच्या कडेवर बसून ही गंमत शिकली होती. 'मराठीत सांगू का?' असं कानात विचारायची.

"नहीं मॅडम," प्रेमला म्हणाली. "ऐसा कुछ नहीं."

शिवांगी मॅडमनी मान हलवली. पण त्यांची नजर दुसरीकडे गेली होती. प्रेमलानेही पाहिलं. कोणी बोलू लागलं की उजळते तशी काळ्या चौकोनाची कड उजळली होती.

"मॅडम, पापा ने अभी मम्मी से कहा, बालकनी वाली बात मत बताना."

आवाज दोनदा आला. एकदा दाराआडून, आणि लगेच मागोमाग लॅपटॉपमधून. बसका, न वापरलेला आवाज. इतक्या दिवसांनी लेक बोलली होती, आणि प्रेमलाला रडावं की घाबरावं कळेना. तिला विसरलोच की आपण. मराठी कळणारं माणूस याच पडद्यावर बसलं होतं.

"दीपा, बेटा, तसं नाही—" वाल्मीक अर्धवट उठला. पायजमा पडद्यावर दिसला. त्याला भान नव्हतं.

"और वो जाली कबूतरों के लिए नहीं है. मुझे पता है."

खाली भाजीवाल्याची आरोळी आली आणि विरून गेली.

"थँक यू, दीपमाला," शिवांगी मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात घाई नव्हती, पण त्या पुढे सरकून बसल्या होत्या. "प्रेमला जी, आप पूछिए उससे. सीधा. अपनी भाषा में. मैं यहीं हूँ."

"विचारू नको," वाल्मीक पुटपुटला. "विचारलं तर डोक्यात घालून दिल्यासारखं होतं."

मॅडमना शब्द कळले नसावेत, भीती कळली. "पूछने से कुछ नहीं बिगड़ता, भाईसाहब. न पूछने से बच्चा अकेला पड़ जाता है."

प्रेमलाने टेबलाची कड धरली. ज्या भाषेत आजवर झाकलं, त्याच भाषेत आता उघडायचं होतं. "दीपा, माझ्या माय," ती म्हणाली, "त्या दिवशी तू... तुला मरावंसं वाटत होतं का गं?"

पडद्यावर 'डी' तसाच.

"माहीत नाही." मग जरा वेळाने, "थोडं. खाली काही दिसतच नव्हतं, फक्त धूर. वाटलं, असंच नाहीसं झालं तर. मग तू आलीस." आणि मग, "तुम्ही कोणी विचारलंच नाही. नुसती जाळी लावली, यार. कडी काढली. मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते."

वाल्मीक मटकन बसला. त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं. कोपर लागून लॅपटॉप सरकला, कोन चुकला, तसबीर कॅमेऱ्यातून गेली, वाळत घातलेले टॉवेल दिसू लागले.

"लाज नाही गं," तो हातांआडून म्हणाला. "भीती. मला फार भीती वाटते, दीपा."

"मग तसं सांगायचं ना, बाबा."

प्रेमलाने मॅडमना हिंदीत सगळं सांगितलं: स्टूल, धूर, दूध, कडी. काही गाळलं नाही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, आज तिला एकटं ठेवायचं नाही, आणि उद्याच मनोविकारांच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवायचं. नुसत्या पडद्यावरून हे भागणार नाही. "दीपमाला, चलोगी?"

"मम्मी साथ आएगी तो."

कॉल चालूच होता. प्रेमला उठली, दाराशी गेली. भीती कमी झाली नव्हती. उलट आता तिला नाव मिळालं होतं, आणि नाव मिळालेली भीती जड असते. दाराला कडी नव्हती, नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. तिने हात वर केला, पण ढकललं नाही. बोटाने टकटक केली आणि उभी राहिली.

आतून पलंग करकरला.

"ये ना," दीपा म्हणाली. मराठीत.