तिने रचलेले दगड

दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या सुनेचा फोन वाजत असे आणि मी मटार सोलायला घेऊन बैठकीच्या खोलीत येऊन बसत असे. मटार नसले तर निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेई. फोन माझ्या लेकीचा असे आणि सून तो स्पीकरवर ठेवी. बोलणे तिच्या वहिनीशी आणि विषय मासे.

"खारटपणा किती आहे, वहिनी?"

"पस्तीस."

"पाणी गरम नाही ना होत?"

"पंचवीसच्या वर जाऊ देत नाही मी."

"आणि आईसाहेब?"

"दोन वेळा खातात, आणि मधल्या वेळात कारकुनाला दम देतात."

फोनमधून हसू ऐकू येई. त्या हसण्यासाठी मी अख्खा आठवडा काढत असे, हे मी कोणाला सांगितले नव्हते.

आईसाहेब म्हणजे टाकीतली मोठी नारिंगी मादी. अंगावर तीन पांढरे पट्टे, आणि टाकीभर तिचाच हुकूम. तिच्या मागे खाली मान घालून फिरणारा छोटा नर म्हणजे कारकून. ही नावे लेकीने माझ्या देखत ठेवली. त्यांतला टोमणा मला कळला नाही, असे कोणी समजू नये.

पाच फूट लांबीची ती खाऱ्या पाण्याची टाकी लेकीने चार वर्षे खपून उभी केली होती. आतला दगडांचा डोंगर, त्यातली कपार, कपारीवरची कमान, सारे तिच्या हातचे. आठ महिन्यांपूर्वी दूरच्या किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात तिला नोकरी लागली. मी म्हणाले, "समुद्राचीच हौस आहे, तर तो घरात आहे." ती म्हणाली, "आई, हा समुद्र मी बनवलाय. मला न बनवलेला बघायचाय." शब्दाने शब्द वाढला, आणि मी तिला बजावले की हा उंबरठा ओलांडलास तर मला फोन करायचा नाही. माझ्या लेकीने जन्मभर माझी प्रत्येक आज्ञा मोडली. ही एक मात्र तंतोतंत पाळली.

आपण होऊन फोन करणे मला जमले नाही. म्हणून मी एक दगड विकत आणला.

माशांच्या दुकानात तो पाण्यात ठेवलेला होता. जांभळा, खडबडीत, नारळाएवढा, अंगभर भोके. असा नवा दगड घरी आणला की लेक तो आधी सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून रोज न्याहाळत असे. मला तिच्या त्या नियमाचे नेहमी हसू येई. दारी आलेल्याला दारातच ताटकळत ठेवण्याची आमच्या घराची रीत नाही, असे मी तिला कितीदा तरी ऐकवले होते. दगड मी त्याच दुपारी मोठ्या टाकीत ठेवला. रविवारी सून ठरल्याप्रमाणे म्हणाली, "आईंनी टाकीसाठी नवा दगड आणलाय हं, स्वतः जाऊन."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "वेगळा ठेवला होता ना?"

सुनेने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

"हो," सून म्हणाली.

"मग छान," लेक म्हणाली. त्या दोन शब्दांवर मी तीन आठवडे जगले.

चौथ्या आठवड्यात टाकीतून आवाज येऊ लागला. टक्. कोणी बोटाच्या पेराने काच वाजवावी तसा. मला वाटले, पंप बिघडला. मग वाळूवर गोगलगाईंचे फुटलेले शंख दिसू लागले. मग एक निळा मासा नाहीसा झाला, पाठोपाठ दुसरा, आणि मग लाल शेपटीचा. सून रडकुंडीला आली. रविवारी "सगळे ठीक?" असा प्रश्न आला की मी मान डोलावी आणि ती "हो" म्हणे.

शेवटी मी त्या दुकानदाराला घरी बोलावले. त्याने पडदे ओढून घेतले, टाकीचा दिवा मालवला आणि विजेरीला लाल कागद गुंडाळून भर दुपारी गुडघ्यांवर बसला.

"आजी, इकडे या. ती बघा, कपारीत."

भोकाच्या तोंडाशी देठावर उभे केलेले दोन डोळे होते. एक आमच्याकडे पाहत होता, दुसरा आईसाहेबांकडे.

"मँटिस कोळंबी. दगडात लपून येते. पुढचे पाय असे घडी करून ठेवते आणि ठोसा मारते. शंख फुटतो, माणसाचं बोटही फाटतं."

"तुमच्याच दुकानातून आली ना?"

"आली असेल. पण आजी, नवा दगड आधी वेगळा ठेवतात. ताईंना माहीत होतं की!"

त्याने पिंजरा लावून दिला. आठ दिवस तो रिकामा राहिला, आणि त्याच आठ दिवसांत हळद्या नावाचा पिवळा मासाही गेला. सहांतले दोन उरले: आईसाहेब आणि कारकून.

बुधवारी दुकानदार पुन्हा आला तो डोके खाजवतच. "नव्या दगडातून ती केव्हाच ताईंच्या डोंगरात शिरलीय. आता डोंगर उपसावा लागेल."

"डोंगर पोखरून उंदीर म्हणतात तो हाच," सून म्हणाली.

"पण कोणता दगड कशावर टेकलाय ते रचणाऱ्यालाच ठाऊक. चुकीचा ओढला तर सगळा ढीग काचेवर येईल. ताईंना विचारा."

मी सुनेला म्हणाले, "लाव फोन. विचार तिला."

सुनेने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "बोलायचं तुम्ही. आई, तुमच्यासाठी मी पुष्कळ खोटं बोलले. आता खरं तुमचं तुम्ही सांगा."

बारा वर्षांत ती मला असे बोलली नव्हती. मी तिला उत्तर देण्याआधीच फोन उचलला गेला.

"वहिनी? आज बुधवारी कसा काय? काय झालं? आई बरी आहे ना?"

आठ महिने मी मटारांच्या आडून ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो हा होता. कोणास ठाऊक, सुनेला तो एकांतात कितीदा विचारला गेला असेल.

"बरी आहे," मी म्हणाले. "मीच बोलते आहे."

तिच्या पाठीमागे वारा ऐकू येत होता.

"तो दगड मी वेगळा ठेवला नव्हता. तुझ्या वहिनीने मान राखून हो म्हटले. चार मासे गेले. हळद्याही."

"आईसाहेब?"

"आहेत. कारकूनही आहे. मँटिस कोळंबी तुझ्या कपारीत बसली आहे."

मला वाटले, ती आता फोन ठेवील. मी तिच्या जागी असते तर ठेवला असता.

"हातमोजे आहेत का? बागेतले, जाड?" ती म्हणाली.

"आहेत."

"दादाला घालायला सांग. तू हात घालू नकोस, आई."

"दादा कामावर आहे. आणि माझ्या हाताला हुकूम देऊ नकोस."

"माझ्या टाकीत हात जातोय तुझा. देणारच."

सुनेने तोंडाला पदर लावला. दुकानदार उगाच पिंजऱ्याकडे पाहू लागला. सुनेने व्हिडिओ लावून फोन काचेसमोर धरला आणि लेक त्या चौकटीतून आपला डोंगर पाहत सांगू लागली. आधी कमान, ती नुसती टेकवलेली आहे, उचल. मग डावीकडचा चपटा. नाही, तो नाही, त्याच्या मागचा. आता हळू. कोपरापर्यंत पाण्यात हात घालून मी एकेक दगड उचलत होते आणि वाळूवर ठेवत होते. प्रत्येक दगडाखाली दुसरा दगड असा बेताने बसवलेला होता की उचलताना जीव घाबरा होई. या पोरीने इतका विचार करून काही रचले, आणि मी रोज तिच्यासमोर बसून फक्त काचेवरचे डाग दाखवले.

भोकाचा दगड सातवा निघाला. तो दुकानदाराने घमेल्यात घेतला आणि भोकात सोडा-पाणी ओतले. पाणी फसफसले, आणि अंगठ्याएवढी, मोरपंखी रंगाची ती बया तडफडत बाहेर आली. इतकी देखणी असेल असे मला वाटले नव्हते.

"मारू नका," लेक म्हणाली. "तिला एकटीला वेगळं ठेवा. एकटी छान राहते ती."

दुकानदाराने ती खाऱ्या पाण्याच्या डब्यात घेतली.

टाकी उजाड दिसत होती. दगड वाळूवर विखुरले होते, आणि आईसाहेब आडोसा नसलेल्या पाण्यात कारकुनाला घेऊन एकाच कोपऱ्यात घोटाळत होती. आज दम द्यायचेही तिच्या ध्यानात नव्हते.

"हे पुन्हा कसे रचायचे ते सांग," मी म्हणाले.

"फोनवर नाही सांगता येत. हाताला कळतं ते." ती म्हणाली. "तू लावू नकोस. मी लावेन."

केव्हा, ते ती बोलली नाही. दिवस आणि वेळ ठरल्याशिवाय मी आजवर कोणाचे बोलणे संपू दिलेले नाही. तो शब्द माझ्या जिभेवर आला, आणि मी तो गिळला.

"बरं," मी म्हणाले.

त्याला आता पाच आठवडे झाले. मुलगा दोनदा म्हणाला, "मी लावून देतो ना, आई, त्यात काय!" दुकानदारही येऊन विचारून गेला. मी कोणाला हात लावू दिलेला नाही. घरी येणारी माणसे टाकीपाशी थबकतात आणि विचारतात की हे असे उपसून का ठेवले आहे. काम चालू आहे, असे मी सांगते.