मठाच्या कोठीचा अडसर

मी एक जुना अडसर आहे. साधा नव्हे, किल्लीचा. मित्रांनो, माझ्याकडे असे टक लावून पाहू नका. कुणी पाहू लागले की याचा डोळा आतल्या पोत्यांवर असणार, हेच माझ्या मनात पहिल्यांदा येते. त्याला माझा इलाज नाही. मला घडवलेच त्यासाठी आहे.

मी नाईलकाठच्या बाभळीचा. हबाशी नावाच्या सुताराने ते लाकूड आधी पाण्यात मुरवले, मग सावलीत वाळवले आणि मग तासले. माझ्या डोक्यावर त्याने एक ठोकळा बसवला आणि त्यात लाकडी खुंट्या दडवल्या. मला सरकवले की त्या खुंट्या टपकन माझ्या भोकांत पडतात आणि मी जागचा हलत नाही. लाटण्याएवढी लाकडी किल्ली आत घालून वर उचलावी, तिच्या दातांनी खुंट्या वर ढकलाव्यात, तेव्हाच मी हलणार. माझ्यात लोखंडाचा एक खिळासुद्धा नाही. "याला फसवणारा अजून जन्मायचाय," असे हबाशी म्हणाला होता. ते कौतुक मी आजही विसरलेलो नाही.

माझी उमेदीची वर्षे एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे गेली. तो किल्ली उशाखाली घेऊन झोपायचा. बायकोला घुगऱ्यांसाठी गहू हवे असले तरी स्वतः उठून मापून द्यायचा. असा मालक मिळायला भाग्य लागते. पण त्याच्या मुलाने लोखंडी कुलूप आणले आणि मला दारासकट उकिरड्यालगत टाकले. तिथे कोंबड्या माझ्यावर बसायच्या. त्याबद्दल मी अधिक बोलणार नाही.

तिथून मला संत फ्रान्सिसच्या मठातल्या ब्रदरांनी मागून आणले. मागून आणणे हा त्यांचा जुना रिवाज. तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींचा दोर आणि 'माझे' म्हणावे असे जगात काही नाही, अशी ही माणसे. त्यांच्या भोजनाच्या खोलीतून कोठीत जाणाऱ्या दाराला मला बसवले, तेव्हा मी सुखावलो. आत मसुराची आणि पिठाची पोती होती, तेलाचे डबे होते, काकवीची मडकी होती. मग त्यांनी माझी किल्ली दाराशेजारीच एका खिळ्याला अडकवली.

होय मित्रांनो, दाराशेजारीच. कुणी एकाने किल्ली जवळ ठेवली तर तो मालक झाला, आणि मालकी त्यांना चालत नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मठाच्या प्रमुखाला ते 'रक्षक' म्हणतात, हे कळल्यावर तर मला हसावे की रडावे ते कळेना. राखण मी करायची आणि नाव त्यांचे.

त्या वेळी रक्षक होते अबूना बाखूम. अबूना म्हणजे आमच्याकडचे फादर. उंच, कडक, शब्दाला पक्के. त्यांच्याखेरीज शाळेत शिकवणारे म्हातारे अबूना तादरूस, दवाखाना सांभाळणारे ब्रदर फानूस आणि आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची अंथरुणे-पांघरुणे बदलणारे ब्रदर युआन्निस, एवढीच माणसे. आणि आचारी अम्म दरविश; अम्म म्हणजे काका. दरविश मुसलमान. त्याच्या बापानेही याच चुलीवर भाकऱ्या भाजल्या होत्या. दर मंगळवारी संत अंतोनीच्या नावाने फाटकात भाकऱ्या वाटायची पद्धत होती आणि त्या रांगेत चर्चला जाणाऱ्या बायकाही असत, मशिदीतून येणारे म्हातारेही. दरविश कणीक मळून गोळे गच्चीवर उन्हात फुगायला ठेवायचा आणि मग भाजायचा. त्याच्या भाकरीचा वास गल्लीच्या टोकाला जायचा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. एका उन्हाळ्यात कोठी आटू लागली.

कशी आटते ते मला दिसत होते. दुपारी सगळे आडवे झाले की अनवाणी पावले यायची. ब्रदर फानूस इकडेतिकडे बघत किल्ली काढायचे, मसुराचे ओंजळभर दाणे झग्याच्या बाहीत टाकायचे आणि मला इतके हळू सरकवायचे की खुंट्यांचा आवाजही होऊ नये. मी म्हटले, सापडला चोर. पण मग एका दुपारी ब्रदर युआन्निस काकवीची वाटी घेऊन गेले. नंतर अबूना तादरूस, खोकला दाबत, पिठाची पुरचुंडी घेऊन. आणि एके दिवशी खुद्द रक्षक, हातात तेलाची बाटली. प्रत्येक जण दुसऱ्याला चुकवून यायचा. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, हे मी ऐकून होतो. इथे तर दळणाऱ्यांनीच पिठात तोंड घातले होते. बाजारात विकत असणार, माझी खात्रीच पटली.

अम्म दरविश मात्र दार धाडकन उघडायचा, गाणे म्हणत पोते ओढायचा, उंदरांना शिव्या द्यायचा. त्याचाही मला संशय आला. एवढा गाजावाजा करणारा माणूस काहीतरी झाकत असणार.

मग तो मंगळवार आला. पीठ कमी पडले. रांगेतल्या निम्म्या बायकांच्या टोपल्या रिकाम्याच राहिल्या. अबूना बाखूमनी दरविशला जेवणाच्या टेबलापाशी बोलावले. बाकी तिघे बसलेलेच होते.

"दरविश, पीठ कुठं गेलं?"

"मला काय विचारता अबूना? मी मळतो. मी काही बकाणे भरत बसत नाही."

"किल्लीला सगळ्यात जास्त हात तुझा लागतो."

"किल्ली खिळ्याला आहे. मांजराचा हात पुरला असता तर तिनंही काढली असती."

अबूना बाखूम म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझ्या लेकीचं लग्न आहे ना?"

दरविशच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्याने कमरेचे फडके सोडून टेबलावर ठेवले. "म्हणजे मी लेकीच्या मांडवासाठी गरिबांच्या तोंडची भाकर पळवली. बोला ना, स्पष्ट बोला."

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणायचं काय शिल्लक ठेवलंत? खिडकी उघडी आहे अबूना. बाहेर रांग अजून मोडलेली नाही. उद्या नवऱ्या मुलाचा चुलता हाजी मितवल्ली माझ्या दारात येऊन विचारेल, तेव्हा मी काय सांगू?"

तिघेही आपापल्या ताटाकडे बघत राहिले. दरविश निघून गेला.

चहाच्या दुकानात ती गोष्ट त्याच संध्याकाळी पोहोचली. दोन दिवसांनी फाटकावर कुणीतरी सांगून गेले, की मितवल्लीने लग्नाची बोलणी थांबवली आहेत. चोराच्या घरची मुलगी नको, असे तो म्हणाला.

या ब्रदरांचा आणखी एक रिवाज आहे. ठरलेल्या दिवशी सगळे एकत्र बसतात आणि एकेक जण गुडघे टेकून आपली चूक सांगतो. फक्त आपली, दुसऱ्याची नाही. धाकट्याने आधी बोलायचे, रक्षकांनी शेवटी. ते त्या शुक्रवारी माझ्यासमोरच बसले.

ब्रदर फानूस गुडघ्यावर आले. "मी न विचारता मसूर नेला. वीटभट्टीवर एक बाळंतीण आहे, तिच्यासाठी. पुन्हा पुन्हा नेला."

"सांगितलं का नाहीस?" अबूना बाखूमनी विचारले.

"उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, असं आपल्याला शिकवलंय ना."

ब्रदर युआन्निसनी मान खाली घातली. "मलाही तसंच वाटलं. मी काकवी नेली. त्या आंधळ्या म्हाताऱ्याला नुसती भाकर गिळत नाही."

"पीठ मी नेलं," अबूना तादरूस म्हणाले. "माझ्या वर्गात दोघी बहिणी आहेत. उपाशी पोटी पाढे म्हणवत नाहीत त्यांच्यानं. मला वाटलं, एका पुरचुंडीनं काय होतंय."

शेवटी रक्षक कसेबसे गुडघ्यावर आले. "तेल मी नेलं. माझ्या बाटलीनं डबा रिकामा होणार नाही असं धरून चाललो. आणि उरलेलं सगळं दरविशनं नेलं असंही ठरवून टाकलं."

"तुमच्याच मनात आलं असं नाही," अबूना तादरूस हळूच म्हणाले. "आम्हीही गप्प बसलो. तो आपल्यातला नव्हता ना."

मित्रांनो, खरे तर मी खूश व्हायला हवे होते. चौघांवरचाही माझा संशय खरा ठरला होता, त्यांनीच कोठी रिकामी केली होती. पण मला मुळीच बरे वाटले नाही. पुण्य चौघांनी वाटून घेतले आणि पाप सगळे मिळून एकट्या दरविशच्या डोक्यावर ठेवले. वड्याचे तेल वांग्यावर काढणे ते हेच.

अबूना बाखूम दरविशच्या घरी जायला निघणार, तोच दरविशच दारात उभा राहिला. भाजी चिरायची आपली दोन मुठींची सुरी न्यायला आला होता. रक्षकांनी सगळे सांगितले आणि त्याच्यासमोर गुडघे टेकले.

"उठा अबूना, गुडघे दुखतील," दरविश म्हणाला. "आळ घेतलात खिडकी उघडी ठेवून आणि माफी मागताय दार लावून. हे कसं चालायचं?"

"मग तू सांगशील तसं."

"मंगळवारी. फाटकात. सगळ्या रांगेसमोर. आणि तिथंच ती किल्ली माझ्या हातात द्यायची. यापुढं कुणाला काही हवं असेल, तर मला विचारायचं. रक्षकांनीसुद्धा."

"आमच्यात किल्ली कुणा एकाकडे..."

"मी तुमच्यातला नाही, अबूना. मला चालते."

मंगळवारी भोजनाच्या खोलीची दारे-खिडक्या उघड्या होत्या, म्हणून मला सगळे ऐकू आले. अबूना बाखूम मोठ्याने बोलले. काही लपवले नाही, तेलाची बाटलीसुद्धा नाही. बायका कुजबुजल्या, कुणीतरी हसले. मग एक घोगरा आवाज आला, तो मितवल्लीचा. "दरविश, माझं तोंड काळं झालं. लग्नाचा दिवस तू म्हणशील तो."

दरविश आत आला आणि त्याने मला धाडकन उघडले. त्याच्या मागोमाग चौघे आले, पुढे ब्रदर फानूस. "अम्म दरविश, वीटभट्टीवरच्या बाईसाठी ओंजळभर मसूर हवा होता."

"ओंजळभर का? टोपली भरून न्या. पण बोलून न्या." मग त्याने चौघांकडे वळून पाहिले. "आणि लग्नाला सगळे या. येताना हातात काही आणू नका. लोक म्हणतील, मठातलं दिसतंय."

आता मी फार जुना झालो आहे. उन्हाने माझ्या अंगाला चिरा पडल्या आहेत, खुंट्या अधूनमधून अडकतात. वर्षातून एकदा मला जवसाचे तेल लावाल तर मी आणखी काही पिढ्या टिकेन. पण त्याहून मोठे मागणे वेगळेच आहे. मी त्या उन्हाळ्यात पाचही जणांवर संशय घेतला, तरी माझ्यामुळे कुणाच्या लेकीचे लग्न अडले नाही, कारण मला बोलता येत नाही. मित्रांनो, तुम्हांला येते.