बोटीचं पासिंग

तीस वर्षं झाली, उत्तमराव ताथोड ट्रकांचं पासिंग करून देतात. अकोल्यात आरटीओसमोर कडुनिंबाखाली त्यांचं टेबल, टेबलाखाली एक लाल अग्निशामक आणि पांढरी औषधपेटी. तपासणीला आलेल्या ट्रकमध्ये दोन्ही ठेवायचं, ट्रक पास झाला की काढून पुढच्यात. दिवसाला पंधरा ट्रक तेवढ्यावर सुरक्षित होत. "कागद पायजे भाऊ," ते म्हणत, "गाडी काय, चालतेच."

त्यांचा एकुलता मुलगा अंकुर परदेशी बोटीवर फिटर होता. त्याच्या मायनं, जयवंताबाईनं, दर्या कधी पाहिला नव्हता. गावच्या मोर्णा नदीचं पाणी तेवढं पाहिलेलं. गहू निवडता निवडता ती स्वतःशीच म्हणे,

पाण्यावर घर लेका, घराले ना उंबरा
कोन्या वाटंवर ठेवू, माय मी रे नजरा

वैशाखात एका दुपारी अंकुरचा फोन आला, उत्तमरावांनी नेहमीसारखा स्पीकरवर घेतला. बोट आफ्रिकेतल्या एका बंदराला लागली होती.

"बाबा, एक इचाराचं होतं. दोन महिन्यामांगं बोट विकली, झेंडा बदलला, म्हंजे दुसऱ्या देशात नोंदली. झेंडा बदलला का जुनं सुरक्षेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी मरते, असा नियम हाय. नव्या देशानं नवं देलं, पाच वर्षाचं. पन बोट पाह्याले कोनी आलंच नाही. जीव वाचवाची होडी हाय ना, ती ज्याले टांगली तो आकडा गंजून बसला. खाली उतरत नाही."

"मंग?"

"आज इथला साहेब येऊन रायला तपासाले. परक्या बोटीचा कागद चालू असला तं त्याले मानाच लागते. पन शंका घ्यासारखं दिसलं, नाही तं आमच्यातल्या कोनी सांगतलं, तं तो होडी उतरवून पाह्यते. बोट थांबवू शकते. सांगू का?"

उत्तमराव हसले. "कागदावर तारीख हाय? शिक्का हाय?"

"हाय."

"मंग तू काहून मधात पडतं बे? साहेब कागद पाह्यते, सही करते, जाते. मी जिंदगीभर हेच करून रायलो. बोट थांबली तं कंपनी तुलेच घरी धाडन. मंग कोन घेईन तुले?"

"बाबा, होडी उतरत नाही."

"रोज उतरवाची हाय का ते?"

जयवंताबाईनं सूप बाजूला ठेवलं. "द्या मले. ये म्हना घरी, सांगून दे म्हना."

"तुले काय समजते त्याच्यातलं?" उत्तमरावांनी तिच्याकडे पाठ केली. "अंकुर, गप राय. समजलं?"

पलीकडे वारा वाजत होता. "बरं," अंकुर म्हणाला.

संध्याकाळी त्याचा निरोप आला : साहेबानं विचारलं, होडी उतरते का. हो म्हटलं. उत्तमरावांनी उत्तरादाखल मोबाईलवरून अंगठा पाठवला.

नवव्या दिवशी इंजिनखोलीत आग लागली. बावीस माणसं होडीकडे धावली. होडी अर्ध्यावर लटकली ती लटकलीच. माणसांनी पाण्यात उड्या घेतल्या. वाटेनं जाणाऱ्या जहाजानं एकोणीस जण उचलले. अंकुर त्यांत नव्हता.

दोन महिन्यांनी चौकशीचं पत्र आलं. शेजारच्या अन्सारभाईंची उज्मा कॉलेजात शिकते. ती वाचून मराठीत सांगू लागली. दुर्घटनेच्या दिवशी बोटीचं प्रमाणपत्र वैध होतं. बंदरातल्या अधिकाऱ्यानं ते नियमाप्रमाणे मान्य केलं. होडी चालू असल्याचं एका कर्मचाऱ्यानं स्वतः सांगितलं होतं...

उज्मा थांबली.

"वाच ना पोरी," जयवंताबाई म्हणाली.

"अंकुरभाईचं नाव आहे, काकू."

उत्तमरावांनी कागद ओढून घेतला. इंग्रजी येत नव्हतं तरी बोटानं शिक्का चाचपला, सही पाहिली, तारीख पाहिली. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बरोबर हाय."

जयवंताबाईनं कागद त्यांच्या हातातून घेऊन उज्माला परत दिला.

"खाली लिहिलंय," उज्मा हळूच म्हणाली, "त्यानं असं का सांगितलं, हे कोणाला ठाऊक असेल तर पंधरा दिवसांत कळवा. नाहीतर दोष त्याच्यावरच कायम होईल."

"कायी कळवाचं नाही," उत्तमराव म्हणाले. "पोरगं काय वापस येते?"

"लिव पोरी," जयवंताबाई म्हणाली. "तो खोटा नव्हता. दुपारी फोन आला, मी इथं गहू निसत होती. होडी उतरत नाही, हे त्यानं दोनदा सांगतलं. त्याले गप राय म्हटलं."

"जयवंता, माही इज्जत जाईन त्याच्यात."

"त्याले गप केलं. आता मले करता?"

उज्मानं वही मांडीवर घेतली. उत्तमराव उठले, दारापर्यंत गेले, तिथंच चौकट धरून उभे राहिले.

"काकू," उज्मानं मान वर न करता विचारलं, "गप राय, असं कोणी सांगितलं, म्हणून लिहू?"

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नाव सांगितलं, आडनावासकट, दारापर्यंत ऐकू जाईल असं.